शारजाच्या शेडमधला वीरगळ

माझ्या बॅगेत दोन सदरे, एक टॉवेल, आईने मामासाठी दिलेलं पाच किलो ज्वारीचं पीठ आणि सव्वा किलोचा हातोडा होता. हैदराबादच्या विमानतळावर हातोडा हातातल्या पिशवीत नेऊ देईनात. मी म्हटलं, "अहो, दगडाला मारायला नेतोय." तपासणीवाला म्हणाला, "कुठल्या दगडाला?" खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दगडाऐवजी शारजाच्या यार्डवाल्या सावंतांचं डोकं होतं. शेवटी हातोडा पिठाच्या पिशवीत गुंडाळून खालच्या सामानात टाकला आणि शारजाचं विमान पकडलं.

दुबईला जाऊन आलेला माणूस उंच इमारतींचे फोटो दाखवतो. माझ्याजवळ तसला एकही फोटो नाही. माझ्या फोनमध्ये आहे ते एका दगडी शिपायाचं कपाळ.

आमची खाण देगलूरकडची. करडा, बारीक दाण्याचा दगड. आमच्या वाडवडिलांनी तो रस्त्याच्या खडीसाठी फोडला. मी त्याचे मोठे ठोकळे काढून परदेशी पाठवायला लागलो. चार महिन्यांपूर्वी एक ठोकळा शारजाला सावंतांच्या यार्डात गेला होता. अमेरिकेत पूर्वी उत्तर आणि दक्षिण अशी आपसातच लढाई झाली, भाऊ भावावर बंदूक घेऊन उभा राहिला. त्या लढाईतल्या पायदळाच्या एका पलटणीचं स्मारक तिथल्या रणमैदानावर उभारायचं होतं. ज्या गावातून ती पलटण उभी राहिली, त्या गावाने कमिटी केली, कमिटीने दुबईतला एजंट गाठला आणि एजंटाने सावंतांना काम दिलं. एका देशाचे शिपाई, दुसऱ्याचा दगड, तिसऱ्याची शेड.

आणि मग सावंतांचा आवाज फोनवर आला. "शेठ, तुमच्या ब्लॉकमध्ये व्हेन, म्हणजे शीर निघाली. बरोबर चेहऱ्यावर. कमिटीची बाई गुरुवारी इन्स्पेक्शनला येतेय. रिजेक्ट केला तर खलास." सोबत फोटो होता. शिपायाच्या कपाळावर, टोपीच्या कडेखाली, जुन्या रुपयाएवढा काळपट डाग.

'तुझ्या दगडात खोट आहे' हे मी आयुष्यात एकदाच ऐकून घेतलंय. तेव्हा मी नवीन होतो. एका तालुक्याच्या गावी पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी माझा पहिला मोठा दगड नेला होता. इंजिनिअर जीपमधून खालीसुद्धा उतरला नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "शीर आहे, नको." दगड परत न्यायची माझी ऐपत नव्हती, तिथेच टाकून आलो. वर्षभराने बघतो तर त्याच दगडावर पुतळा उभा, पुरवठादार म्हणून दुसऱ्याचं नाव. आजही त्या चौकातून गाडी गेली की मी मान दुसरीकडे वळवतो. तेव्हापासून माझ्या खाणीतला एकही ठोकळा मी स्वतः ठोकून, भिजवून बघितल्याशिवाय बाहेर गेलेला नाही.

मंगळवार, सजा

शारजा शहर मागे टाकून वाळवंटाच्या अंगाला गेलं की सजा नावाचा औद्योगिक भाग लागतो. झाड म्हणून नाही. पत्र्याच्या शेडा, ट्रकच्या रांगा आणि सगळ्यावर पिठासारखी दगडाची भुकटी. ऑगस्ट महिना. गाडीतून उतरलो आणि चष्म्यावर एकदम वाफ धरली. आमच्याकडचं ऊन भाजतं. तिथलं ऊन ओल्या घोंगडीसारखं अंगावर पडतं.

सावंत मूळचे मालवणचे, तीस वर्षं आखातात. हसून पुढे आले. "वेलकम शेठ. चाय घेणार?"

"आधी दगड."

स्मारक आडवं ठेवलेलं नव्हतं, क्रेनच्या आधाराने उभं होतं. दीड पुरुष उंच. बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवून, नळीवर दोन्ही हात ठेवून शिपाई उभा, मान किंचित खाली. त्याच्या पायाखाली मशीनने कोरलेली पलटणीतल्या मेलेल्यांची नावं, ओळीखाली ओळ. अंग मशीनने काढलं होतं, पण चेहरा हाताचा होता. तो हात कोणाचा हे मला सांगायला नको होतं. नाकाच्या शेंड्याला असा उतार एकच माणूस देतो: माझा नागूमामा, आईचा धाकटा भाऊ. माझ्या हातात पहिली छिन्नी त्यानेच दिली. सात वर्षांपूर्वी मीच त्याला सावंतांकडे चिकटवलं. आता साठी उलटली आहे, गावाकडे जमीन नाही, नातीचं नर्सिंगचं शिक्षण त्याच्या पगारावर चालू आहे. या वयात इथून निघाला तर दुसरीकडे कोण घेणार?

मामा कोपऱ्यात कपच्या झाडत होता. मी पाया पडलो. "आलास?" म्हणाला आणि परत झाडू लागला.

मी हातोडा काढला. सावंत दचकले. "अहो शेठ, काय करताय!"

"ऐका."

पायाशी हलकेच ठोका दिला. टण्ण. बाजूला दिला. टण्ण. मागून, डोक्याच्या उंचीवर दिला. तसाच, घंटेसारखा. शीर असलेला दगड घसा बसल्यासारखा बोलतो. मग बादली घेतली, शिडीवर चढलो आणि ओंजळीने पाणी चेहऱ्यावर सोडलं. गाल, नाक, टोपी सगळं एकसारखं गडद झालं. कपाळावरच्या डागावर मात्र पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहिले.

शीर पाणी पिते. पाणी झटकतं ते तेल.

त्यानंतर मी जे ओरडलो ते सगळं इथे लिहीत नाही. शेडमध्ये वीसेक माणसं होती, मशिनी बंद पडल्या. "तुमच्या यार्डातलं तेल माझ्या दगडाच्या नावावर? ही माझ्या खाणीची खोट? लिहून द्या मला! दगडात काही दोष नाही, डाग यार्डात पडला, असं लेटरहेडवर पाहिजे."

"शेठ, आवाज खाली. देतो लिहून."

"आणि ज्याच्या हाताने हे झालं, त्याला काढा. लोकांची पोटं जातात असल्या हातांनी."

सावंतांनी चष्मा पुसला. तेही व्यापारी माणूस. "ठीक. पत्र टाईप करून ठेवतो, बाईचं इन्स्पेक्शन झालं की सही. आणि तो माणूस कोणीही असू दे, व्हिसा कॅन्सल, घरी. एजंटला पण मला ॲक्शन दाखवायला लागेलच. झालं समाधान?"

"झालं."

सौदा जिंकल्यावर मला एक सवय आहे, आजूबाजूला बघायची. सगळे माझ्याकडे बघत होते. मामा तेवढा खाली बघून झाडत होता, आणि त्याच्यासमोरची जागा केव्हाच स्वच्छ झाली होती.

त्याच संध्याकाळी, मामाची खोली

एका खोलीत सहा खाटा. मामाने पिठाची पिशवी उघडली, नाकाशी नेली आणि काही न बोलता परात घेतली. सामायिक स्वयंपाकघरात त्याने भाकरी थापायला सुरुवात केली तसा शेजारचा पठाण सुतार येऊन उभा राहिला. "चाचा, ये ताली बजाके रोटी बनाते हो?" त्याची नान भट्टीत जाते, आमची भाकरी तळहातांत गोल होते. एक भाकरी तो घेऊन गेला, दुसरी मागायला परत आला.

मी खाटेवर बसून ठेचा-भाकरी खात होतो. समोर फळीवर मामाचा देव होता. देवाशेजारी तेलाची छोटी बाटली आणि शेंदराची पुडी.

मी भाकरी खाली ठेवली.

"मामा, हे तेल कशाला?"

"देवाला."

"देवाला निरांजन दिसत नाही तुझ्या."

 मामा हात पुसत म्हणाला, "डोळे उघडले त्या दिशी लावलो."

"कोणाचे डोळे?"

"त्या शिपायाचे. आन कुणाचे?"

आमच्याकडे मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी कोरतात. ते झाले की दगड बघायला लागतो, आणि बघायला लागलेल्याला कोरडा ठेवत नाहीत.

"अरे, ते तिकडचे ख्रिस्ती लोक! त्यांना काय तेल अन् शेंदूर!"

"शेंदूर नाही लावलो. बोटभर तेल. वीरगळ हाय न्हवं त्यो? लढून मेलेल्याचा दगड. वीरगळाला तेल लागतंच की. उन्हात उभा ऱ्हायचा हाय बिचारा."

"तिकडे बर्फ पडतो, मामा."

"मग तर लागतंच."

मला हसू आलं, आणि मग सगळा घोळ लक्षात आला. आमच्या गावच्या वेशीवर वीरगळ आहेत. काळा दगड. पिढ्यान् पिढ्या तेल पितो आणि आणखी काळा होतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. चाळीस वर्षं काळ्या दगडाला तेल लावलेल्या हाताने ते करड्या दगडाला लावलं. पुसलंही होतं म्हणे लगेच, धोतराच्या फडक्याने. पण तेल आत गेलं आणि पसरलं.

"मला फोन करून सांगायचं नाही?"

"डाग दिसायला चार दिवस लागले. तवर सावंत शीर शीर म्हनायला लागले. आन आज तू आलास ते सगळ्यांपुढं काढा म्हनालास."

"मला काय माहीत तुझा हात आहे म्हणून!"

"ओरडायच्या आदी इचारायची सवय तुला कवा होती, व्यंकट?"

 मी म्हटलं, "तेल काढता येतं. उद्याचा दिवस आहे."

बुधवार, देरा

दगडातलं तेल ओढून काढायची युक्ती आम्हा खाणवाल्यांना ठाऊक असते. मुलतानी माती ॲसिटोनमध्ये कालवायची, डागावर बोटभर जाड थापायची आणि वर प्लास्टिक चिकटवायचं. माती सुकता सुकता तेल वर खेचते. ॲसिटोन यार्डातच होतं. मातीसाठी सकाळीच टॅक्सीने दुबईतल्या देराच्या मसाल्याच्या बाजारात गेलो.

खाडीच्या धक्क्यावर लाकडी गलबतं लागली होती. टायर, फ्रीज, बिस्किटांची खोकी, सगळं उघड्यावर रचलेलं, आणि राखणीला कोणी दिसेना. आमच्या मोंढ्यात एवढा माल असा टाकला तर संध्याकाळपर्यंत दोरीसुद्धा राहणार नाही. पण त्या दिवशी कौतुक करायला डोकं जागेवर नव्हतं.

केशर आणि सुक्या लिंबांच्या पोत्यांमागे केरळचा दुकानदार बसला होता. "मुलतानी मिट्टी? थर्टी दिरहम किलो."

तीस दिरहम म्हणजे सातशे रुपये. मातीचे! "भाई, मैं मिट्टी खोदनेवाला आदमी हूँ. मुझे मिट्टी का भाव मत सिखाओ. पंद्रह."

"ये चेहरे के लिए है सेठ, इंपोर्टेड. मॅडम का चेहरा चमक जाएगा."

"चेहरे के लिए ही चाहिए," मी म्हटलं. "मिलिटरीवाले के."

अठराला सुटलं. एरवी अशा सौद्यानंतर मी दिवसभर खुशीत असतो.

अकराच्या सुमारास लेप लावला. शिपायाच्या कपाळावर पट्टी बांधल्यासारखं दिसत होतं, दवाखान्यातल्या जखमीसारखं. सावंत खाली उभे राहून बघत होते.

"निघेल?"

"निघेल बरंचसं."

"आणि हात कोणाचा, काही अंदाज?"

"यार्ड तुमचं. तुम्ही शोधा."

"शोधतोय ना शेठ. शेडमध्ये कॅमेरा आहे, महिन्याभराचं फुटेज असतं. ऑफिसमध्ये बघायला बसवलंय." ते सहज बोलले. मी शिडीवर होतो म्हणून बरं, माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

संध्याकाळी पहिला लेप सोलला तेव्हा मातीची आतली बाजू पिवळी पडली होती. लगेच दुसरा लावला.

गुरुवार, पुन्हा सजा

सकाळी दुसरा लेप काढला. रुपयाएवढा डाग हरभऱ्याच्या डाळीएवढा राहिला होता, फिका, पण राहिला होता. तिसऱ्या लेपाला वेळ नव्हता. बाई दहाला येणार होती.

सावंतांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि फोन पुढे धरला. पडद्यावर शेड, वरून घेतलेली. शिडीवर एक म्हातारा. तो टोपी काढतो, खिशातून बाटली काढतो, बोट भिजवतो आणि शिपायाच्या कपाळाला लावतो. मग हात जोडतो.

"आता बोला शेठ. काढा म्हणून कोण म्हणालं होतं?"

मी फोन बाजूला सारला.

"दोन रस्ते आहेत. बाईला सांगू, नॅचरल व्हेन आहे. तुम्ही सप्लायर, तुम्ही फक्त यस म्हणा. माझं यार्ड सुटलं, तुमचा मामा सुटला. ब्लॉक रिजेक्ट होईल, दुसरा पाठवा. नाहीतर खरं सांगू. मग ब्लॉक कदाचित वाचेल, पण एजंट विचारणार, कोणी केलं. वीस माणसांसमोर बोललोय मी. मामाला ठेवता येणार नाही मला. मलाही वाईट वाटतं, पण धंदा आहे."

म्हणजे एकतर माझ्या तोंडाने माझ्या दगडाला खोट म्हणायचं, नाहीतर मामाला घरी पाठवायचं. सापळा चोख होता. कारण तो मीच रचला होता.

बाहेर गाडी वाजली.

कमिटीच्या एलन बाई सत्तरीच्या असतील. आखूड पांढरे केस, डोक्यावर उन्हाची टोपी, हातात मोजपट्टी आणि कागदांची फाईल. पाणी नको, चहा नको. आधी नावं. एक एक नाव कागदाशी ताडून बघितलं, बोट फिरवून. त्यात अर्धा तास गेला. मग शिडी मागितली, वर चढली आणि पाच सेकंदांत म्हणाली, "व्हॉट इज धिस?"

सावंतांनी माझ्याकडे बघितलं. कोपऱ्यात मामाने हातातली छिन्नी खाली ठेवली आणि एक पाऊल पुढे टाकलं. तो बोलणार, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. तो बोलला असता तर संपलंच होतं.

"ऑइल, मॅडम," मी मोठ्याने म्हटलं. "स्टोन गुड. ऑइल माय ऑर्डर." आणि सावंतांना म्हटलं, "सांगा तिला नीट. मेलेल्या शिपायाच्या दगडाला तेल लावायची आमच्याकडे रीत आहे. मी खाणीचा मालक. मी माझ्या माणसाला फोनवरून सांगितलं, लाव म्हणून. हात त्याचा, हुकूम माझा. चूक माझी."

सावंत माझ्याकडे बघतच राहिले. मग इंग्रजीत सांगू लागले. मामाने तोंड उघडलं तसा मी त्याच्याकडे असं बघितलं की ते मिटलं.

बाई हसली नाही, भारावली नाही. ती म्हणाली की ड्रॉइंगमध्ये नाही ते कपाळावर चालणार नाही. कमिटीने तिला सही करायला पाठवलं आहे, समजून घ्यायला नाही. नवीन दगड हवा.

मला त्या क्षणी ती आवडली. असंच बोलणाऱ्या माणसाशी सौदा होतो.

"नवीन दगड म्हणजे चार महिने," मी म्हटलं. "हा दगड, दोन तास. कपाळाचा पापुद्रा काढायचा, मिलिमीटर, दीड मिलिमीटर. तेल त्याच्या खाली नाही."

"आणि टोपीची कड तुटली तर?" बाईने विचारलं.

"तर नवा दगड, नवं कोरीव काम, सगळं माझ्या पदरचं. आत्ता लिहून देतो."

"मशीनने?"

"मशीन शिरणार नाही तिथे. हाताने."

"कोणाच्या?"

मी मामाकडे बोट दाखवलं. बाई शिडीवरून उतरली, मामाजवळ गेली आणि त्याचे हात उलटेपालटे करून बघितले, बाजारात वांगी बघतात तसे. "चेहरा यानेच केला?" सावंत "यस" म्हणाले. तिने घड्याळ बघितलं आणि खुर्ची मागितली.

मामा वर चढला. टोपीची कड आणि भुवया यांच्यात तीन बोटं जागा. त्यात बारीक टाकी धरायची आणि दाणा दाणा उडवायचा. जोर एक गुंज जास्त झाला तर कड गेली. पहिला घाव घालण्याआधी त्याचा उजवा हात सवयीने कपाळाकडे गेला, तेलाच्या बोटासारखा.  बोट हवेत थांबलं. मग त्याने कोरडा तळहात क्षणभर तिथे टेकवला आणि टाकी घेतली.

टिक. टिक. टिक. सगळ्या मशिनी बंद. सावंत नखं खात होते. मी आयुष्यात कधी एवढा वेळ न बोलता राहिलो नव्हतो. एकदा मोठी कपची उडाली, माझ्या पायाशी पडली. मी ती उचलून बघितली: कपाळाची होती, कडेची नव्हती. शेवटी मामाने कुरुंद दगडाच्या तुकड्याने घासून घासून भुवया नव्या कपाळाशी जुळवल्या आणि पाणी मागितलं.

पाणी ओघळलं. सगळं कपाळ एकसारखं गडद झालं. एकही थेंब उभा राहिला नाही.

बाई वर चढली, रुमालाने कपाळ कोरडं केलं, जवळून बघितलं, खाली आली आणि सही केली. फाईल बंद करताना तिने सावंतांमार्फत विचारलं, तेल लावून काय होतं?

मी काहीतरी मोठं बोलणार होतो. मामाच म्हणाला, "काय होतंय? कुनीतरी येऊन गेलं, येवढं कळतंय."

सावंतांनी ते सांगितलं.  बाईने वाकून नावांच्या रांगेत एका नावावर बोट ठेवलं, आणि न सांगता गाडीकडे गेली.

सावंतांनी टाईप केलेलं पत्र काढलं. दगडात कोणताही दोष नाही, लेटरहेडवर. त्यांनी ते माझ्यासमोर फाडलं. "ऑर्डर तुमची होती ना शेठ? मग हे कशाला? रिपोर्टमध्ये जाणार, डाग सप्लायरमुळे पडला, नंतर काढला."

"आणि मामा?"

"मामाचं काय? चूक कोणाची ते तुम्हीच बाईला सांगितलंत. तुमचा तर व्हिजिट व्हिसा. तो मी काय कॅन्सल करणार?" आणि पहिल्यांदाच खरं हसले. "यल्ला, चला, चहा घ्या आता तरी."

घेतला. चांगला होता.

मामा अजून तिथेच आहे. रिपोर्टची प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे, माझ्या खाणीच्या नावापुढे चूक लिहिलेली.

परवा त्या तालुक्याच्या गावावरून जात होतो. चौकात आलो आणि मान वळवायची राहून गेली. गाडी थांबवली, उतरलो, पाण्याची बाटली घेऊन पुतळ्याच्या चौथऱ्याभोवती फिरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लोक बघत होते. पाणी टाकत टाकत मागच्या बाजूला आलो.

मागच्या अंगाला, खालच्या कोपऱ्यात, केसाएवढी एक शीर आहे. भिजवल्याशिवाय दिसत नाही.

जीपमधून ती दिसणं शक्यच नव्हतं, यावर मी आजही ठाम आहे.